काळ्या पट्ट्यांचे पैसे

४२ इंची टीव्ही दुकानात ४२ इंची असतो. घरी आणून त्याला केबल जोडली की तो ३४ इंची होतो. २०१० च्या आसपास ज्यांनी ज्यांनी हौसेनं प्लाझ्मा टीव्ही घेतला, त्या बहुतेकांच्या दिवाणखान्यात हा चमत्कार झाला आणि त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. टीव्हीचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. नवा पडदा १६:९ मापाचा, म्हणजे साडेछत्तीस इंच रुंद आणि साडेवीस इंच उंच. केबलवरून येणारं चित्र मात्र अजून ४:३, जुन्या डब्याच्या मापाचं. ते उंचीला नीट बसतं, रुंदीला साडेसत्तावीस इंचांवर संपतं आणि उरलेले नऊ इंच डाव्याउजव्या बाजूला साडेचार-साडेचार असे वाटून काळे राहतात.

हे गणित मी आईला समजावून सांगितलं. आईनं आयुष्यभर फेस खाली बसल्याशिवाय दूधवाल्याचं माप मान्य केलेलं नाही. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग या दोन काळ्या पट्ट्यांचे पैसे वजा करून घेतलेस की नाही?"

गंमत अशी, की जाणकार मंडळी त्या काळात प्लाझ्मा घ्यायची ती त्याच्या काळ्या रंगासाठीच. एलसीडीचा काळा म्हणजे पाठीमागच्या दिव्यावर ओढलेला पडदा, त्यातून उजेड झिरपायचाच. प्लाझ्मात पाठीमागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका आपापला उजळतो, त्यामुळे त्याचा काळा हा जवळजवळ खरोखरीचा काळा. मेहुणा हे सांगताना भावुक व्हायचा. तो हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत. हा टीव्ही निवडला त्यानं, पैसे दिले मी. आईपुढे उभा राहून त्यानं त्या काळेपणाची तारीफ केली तेव्हा ती म्हणाली, "काळाच बघायचा होता तर बंद करून बघितला असता."

घरात बहुमत स्पष्ट होतं: पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत, पडदा पूर्ण भरला पाहिजे. चित्र कसंही दिसो. आणि ही सोय रिमोटवर होतीच. तिथं एक छोटं बटण असतं. ते दाबत गेलं की चित्र एकेक सोंग घेतं. पहिलं सोंग म्हणजे ताणलेलं. १२ भागांचं चित्र १६ भागांवर ओढायचं, म्हणजे प्रत्येक माणूस आडवा एक तृतीयांश वाढतो. वृत्तनिवेदिका अंगानं भरते, नायकाचा जबडा दाराच्या चौकटीला लागेल असं वाटतं, सगळ्यांच्या कपाळावरची गोल टिकली आडवी लंबगोल होते आणि पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावर जे अशोकचक्र फडकतं त्यावर डिझेलचा टँकर जाऊन आलाय असं वाटतं. या मोडमध्ये फक्त गणपतीवर अन्याय झाला नाही. लालबागचं थेट दर्शन चालू होतं, राजा एक तृतीयांश रुंद होऊन बसला होता आणि घरात कुणाला काही वावगं दिसलं नाही. उलट यंदाची मूर्ती विशेष भव्य आहे असंच ठरलं.

दुसरं सोंग झूमचं. यात कुणी जाड होत नाही, पण चित्र रुंदीला पुरवायचं म्हणून वरचा आणि खालचा एक-एक अष्टमांश कापला जातो. वर माणसांची कपाळं जातात, त्याची फारशी खंत नाही. खाली मात्र बातम्यांची धावती पट्टी बरोबर निम्म्यात कापली जायची. देवनागरी वरून लटकते, म्हणून उरायची ती शिरोरेषा आणि तिच्या वरचा संसार. वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार डावीकडे पळताहेत, अक्षरांचे पाय कुठेच नाहीत. आमच्या नानांना ते वाचायची सवय झाली होती. नुसत्या मात्रांवरून ते मंत्रिमंडळाचा विस्तार ओळखायचे. उकार तेवढे हुकायचे. त्यामुळे कोण फुटलं आणि कोण फाटलं याचा त्यांचा महिनाभर घोटाळा होता.

तिसरं सोंग सगळ्यात बेरकी. यात मधला भाग होता तसा ठेवतात आणि फक्त कडा ताणतात. बोलणारा माणूस मध्ये बसलेला असतो, तो सडसडीत. त्याच्या बाजूला बसलेल्यांनी आपापल्या नशिबाला दोष द्यावा. पण मालिकेतली सासू दारातून आत यायला लागली की बघत राहावं. चौकटीत ती ऐसपैस असते, सोफ्यापर्यंत येता येता निम्मी ओसरते, मध्ये येऊन बोलून पुन्हा जायला निघाली की परत भरत जाते. क्रिकेटमध्ये चेंडूमागे कॅमेरा फिरला की आख्खं मैदान पाण्यावर तरंगल्यासारखं हलायचं. नानांना त्यानं चक्कर आली आणि तो मोड घरात बंद झाला.

आता हे दोन मापांचं भांडण मुळात लावलं कुणी? ४:३ ही खोड एडिसनच्या प्रयोगशाळेतली. तिथं डिक्सन नावाच्या गृहस्थांनी १८९० च्या दशकात ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चार भोकांच्या उंचीची चौकट आखली आणि सिनेमाचं माप ठरून गेलं. पुढे टीव्ही आला, त्यानं तेच माप उचललं. मग लोक घरीच बसायला लागले तेव्हा सिनेमावाले घाबरले आणि टीव्हीला जमणार नाही इतका पडदा रुंद करून बसले. १९५३ मध्ये 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. आपल्याकडे १९५९ मध्ये गुरुदत्तनं 'कागज के फूल' त्या मापात काढला. म्हणजे एकीकडे चौकोनी टीव्ही आणि दुसरीकडे लांबलचक सिनेमा. १९८० च्या दशकात हाय डेफिनिशनची बोलणी सुरू झाली, तेव्हा कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यानं प्रचलित मापांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवले आणि सगळ्यांना पोटात घेणारी चौकट शोधली. ती निघाली १६:९ च्या जवळपास. दोन्ही व्याह्यांची सोय बघून मुहूर्त काढावा आणि त्या दिवशी दोघांपैकी एकालाही रजा मिळू नये, तसं झालं. जुना कार्यक्रम लावला की पट्ट्या बाजूंना, सिनेमास्कोप लावला की पट्ट्या वर-खाली. पडदा सगळ्यांना सामावून घेतो आणि कुणालाच पुरत नाही.

त्यातही आपल्या चॅनेलवाल्यांची करामत निराळी. ते लांबलचक सिनेमा आधी ४:३ च्या चित्रात बसवायचे, वर-खाली पट्ट्या घालून. ते चित्र आमच्या पडद्यावर आलं की बाजूंना आमच्या पट्ट्या. मध्ये सिनेमा, चहूबाजूंनी काळोख. मेहुण्यानं मोजपट्टी लावून तिरकं माप घेतलं: ३० इंच. आमचा जुना टीव्ही २९ इंची होता. एवढा खर्च करून सिनेमा जुन्या टीव्हीच्या मापापेक्षा नेमका एक इंच मोठा होता.

इथपर्यंत हा नुसता सौंदर्यदृष्टीचा प्रश्न होता. खरा कहर डागांनी केला.

प्लाझ्माच्या काचेत लाखो बारीक कप्पे असतात. प्रत्येकात निऑन आणि झेनॉन वायू. वीज वाहिली की त्यातून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, ते कप्प्यातल्या लेपावर पडतात आणि लेप लाल, हिरवा किंवा निळा उजळतो. हा लेप वापरानं दमतो. नवेपणी तर लवकर दमतो. तासन् तास एकाच जागी एकच उजळ आकृती ठेवली की तिथले कप्पे शेजाऱ्यांपेक्षा वेगळे वागायला लागतात आणि चित्र बदललं तरी त्या आकृतीची सावली मागे राहते. बहुधा ती थोड्या वेळानं जाते. अती झालं तर जात नाही.

म्हणून मेहुण्यानं जाताना पथ्य सांगितलं. पहिले १००-२०० तास जपायचं. कॉन्ट्रास्ट कमी. स्थिर चित्र नाही. "आणि भाऊजी, काळ्या पट्ट्या ठेवून फार वेळ बघायचं नाही. मधलं झिजतं, कडेचं कोरं राहतं. मग कधी पूर्ण चित्र लावलं की मधला चौकोन वेगळा दिसतो."

म्हणजे बघा. चित्र योग्य मापात बघायचं तर पट्ट्या येणार, आणि पट्ट्यांनी टीव्ही बाद होणार. टीव्ही वाचवायचा तर माणसं जाड करायची. जो मोड रसिकतेच्या दृष्टीनं पाप, तोच पडद्याच्या प्रकृतीला मानवणारा. काळ्या पट्ट्यांवरून महिनाभर माझ्याशी वाद घालणाऱ्या आईच्या बाजूनं आता साक्षात भौतिकशास्त्र उभं राहिलं. तिनं त्याचा गवगवा केला नाही. एवढंच म्हणाली, "मी म्हणतच होते."

कंपनीनं यावर एक मधला मार्गही दिला होता: पट्ट्या काळ्याऐवजी राखाडी करायच्या, म्हणजे कडेचे कप्पेही थोडे झिजत राहतील. झिजवण्यासाठी मुद्दाम वेगळी सोय असलेली दुसरी वस्तू आमच्या घरात नाही. त्या राखाडी पट्ट्या दोन दिवस टिकल्या. पाहुण्यांपुढे टीव्ही मळकट दिसतो असा बायकोचा आक्षेप होता आणि आईनं तर कोपऱ्यात ओलं फडकं मारूनही पाहिलं.

या टीव्हीची स्मरणशक्ती हा मात्र काही नंतर लागलेला रोग नाही. प्लाझ्मा पडदा जन्माला आला १९६४ मध्ये, इलिनॉय विद्यापीठात. बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन या तिघांनी तो संगणकावर शिकवण्याच्या 'प्लेटो' नावाच्या प्रकल्पासाठी बनवला. त्याची थोरवी काय, तर एकदा उजळलेला ठिपका तो आपणहून उजळलेला ठेवायचा. चित्र सारखं सारखं पाठवायला नको, कारण पडद्याच्याच लक्षात राहायचं. सावली राहण्याचं कारण वेगळं आहे, ते कबूल. तरी ज्या कुळाची कीर्तीच मुळी स्मरणशक्तीमुळे झाली, त्याच्या नातवानं दोन तास पाहिलेलं विसरावं ही अपेक्षा जरा जास्तच.

आणि आपल्या चॅनेलांनी तरी विसरण्यासारखं काय ठेवलंय? एका कोपऱ्यात बोधचिन्ह. दुसऱ्या कोपऱ्यात 'थेट'. खाली लाल पट्टीत 'ब्रेकिंग न्यूज', तिच्याखाली धावती पट्टी, तिच्याखाली सोन्याचा भाव. या सगळ्याच्या मधल्या मोकळ्या जागेत बातमी. सकाळपासून ब्रेक होत असलेली बातमी संध्याकाळपर्यंत त्याच जागी त्याच लाल रंगात ब्रेक होत असते. एकदा रात्री आईनं कीर्तन लावलं. बुवा निरूपणात रंगले होते, पांढरंशुभ्र उपरणं, आणि उपरण्याच्या खालच्या बाजूला अगदी पुसट अक्षरांत 'ब्रेकिंग न्यूज'. आईनं हात जोडले होते ते तसेच ठेवून मला हाक मारली.

नानांचं प्रकरण अधिक गंभीर. निवृत्तीनंतर ते सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत शेअर बाजाराचं चॅनेल लावून बसत. सेन्सेक्स कितीही आपटला तरी त्याची पट्टी जागची हलत नाही. प्लाझ्माचा याहून मोठा शत्रू शोधून सापडणार नाही. मेहुण्यानं फोनवर हे ऐकलं आणि तो क्षणभर बोललाच नाही. मग नानांची रवानगी आतल्या खोलीत, जुन्या २९ इंचीपुढे झाली. "तुमचा टीव्ही बाजार पेलत नाही, म्हणजे तो कच्चाच," एवढा शेरा मारून ते गेले.

घराचा कारभारच बदलला. पूर्वी जाहिराती लागल्या की शिव्या मिळायच्या. आता त्यांची वाट बघायला लागलो, कारण जाहिरातीत बऱ्याचदा कोपऱ्यातलं बोधचिन्ह जातं आणि सगळं चित्र हलतं. मालिकांची भीती वाटायला लागली. सुनेनं पेला खाली टाकला की घरातल्या अकरा माणसांचे अवाक चेहरे एकामागून एक, प्रत्येकी तीनदा, ढोलाच्या ठोक्यावर. एकेक चेहरा इतका वेळ स्थिर, की जावेच्या कुंकवाचा डाग पडद्याला लागेल अशी धास्ती. डिशच्या बॉक्सवर कार्यक्रम थांबवून ठेवायची सोय होती, तिला तर बंदीच. कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, दाराची बेल वाजू दे, चित्र थांबवायचं नाही. सहा महिन्यांत आमची दोन पातेली करपली. पडद्यावर मात्र ओरखडा नाही.

मी स्वतः काय बघायचो? मी सपाट पृष्ठभाग बघायचो. ही सावली गर्दीच्या चित्रात दिसत नाही. ती दिसायला एकरंगी, मोठा, उजळ भाग लागतो. त्यामुळे मला कसोटी क्रिकेटची गोडी लागली. राहुल द्रविड खेळत होता म्हणजे काही घडत नव्हतं आणि कॅमेरा बराच वेळ हिरवळीवर असायचा. त्या हिरवळीत कोपऱ्यातलं बोधचिन्ह शोधत मी आख्खी सत्रं काढलेली आहेत. डिटर्जंटच्या जाहिराती मी उभा राहून, पडद्याला नाक लावून पाहायचो. शुभ्र सदरा आला रे आला की त्यात कोणत्या चॅनेलचं नाव वाचता येतंय ते बघायचं. बायको म्हणायची, "लोक टीव्हीत काय लागलंय ते बघतात, तुम्ही टीव्हीला काय लागलंय ते बघता."

डाग काढण्याचे उपाय दोन. एक म्हणजे टीव्हीतच असलेली पांढरी पट्टी. ती चालू केली की काळ्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक पांढरा पट्टा शांतपणे सरकत राहतो. दुसरा उपाय देशी: केबल काढून नुसत्या मुंग्या लावून ठेवायच्या. मुंग्या म्हणजे सतत हलणारं, कुठेच न थांबणारं चित्र. प्लाझ्माला याहून पौष्टिक काही नाही. रात्री घर झोपलं की मी तासभर मुंग्या लावायचो. खिडकीतून निळसर उजेड लपलपत असायचा. दुसऱ्या दिवशी वॉचमननं विचारलंच, "साहेब, रात्री केबल गेली होती का? आम्हाला सांगायचं, पोराला पाठवला असता."

अशाच एका संध्याकाळी शेजारचे काका-काकू नवा टीव्ही बघायला आले. पांढरी पट्टी चालू होती आणि मेहुण्याच्या हुकुमानुसार ती मध्येच बंद करायची नव्हती. बायकोनं पोहे आणले. काका सोफ्यावर बसले. पट्टी डावीकडून उजवीकडे गेली. परत डावीकडून निघाली. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. काकांनी पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि मनापासून म्हणाले, "क्लॅरिटी मात्र आहे हं."

आणखी एक युक्ती टीव्ही गुपचूप करत असतो. दर काही मिनिटांनी तो आख्खं चित्र दोन-चार ठिपके इकडे किंवा तिकडे सरकवतो, म्हणजे एकाच कप्प्यावर भार नको. हे कुणाच्या लक्षात येऊ नये अशी योजना असते. आमच्याकडे ते सासऱ्यांच्या लक्षात आलं. "जावईबापू, टीव्ही सरकतोय," ते म्हणाले. सासूबाईंनी लगेच त्यांच्या रक्तदाबाची गोळी काढली. मी खरं काय ते सांगितलं, तरी सासूबाईंनी गोळी दिलीच.

या सगळ्यातून घरात एक तह झाला. दिवसभर ताणलेलं चित्र, पडद्याच्या तब्येतीसाठी. रविवारी रात्रीचा सिनेमा योग्य मापात, माझ्या तब्येतीसाठी. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. डोळ्यांना जाड माणसांची सवय लागली होती. एका रविवारी मी चित्र मापात आणलं आणि खोलीत शांतता पसरली. पडद्यावर आईची लाडकी नायिका होती.

"ही अशी काय दिसतेय?" आई म्हणाली. "आजारी होती का?"

"नाही गं, ती अशीच आहे."

"अशी कशी? परवापर्यंत चांगली भरलेली होती." मग बायकोकडे वळून, हलक्या आवाजात, "लग्न टिकत नाहीये म्हणे तिचं. मनाला लावून घेतलं असेल."

पुढे केबललाही सेट-टॉप बॉक्स आले. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर, पुण्या-नागपुरात ३१ मार्च २०१३ च्या मुदतीनं. बॉक्सलाही स्वतःचं मापाचं बटण होतं. आता ताणायचे अधिकार दोघांकडे गेले. बॉक्स ताणायचा तेव्हा टीव्ही आवळायचा आणि दोघांनी मिळून ताणलं की वृत्तनिवेदकाचे कान पडद्याच्या दोन्ही कडांना टेकायचे. काही चॅनेलांनी एचडी झाल्याची द्वाही फिरवली आणि जुने कार्यक्रम आपल्याच कचेरीत ताणून पाठवायला सुरुवात केली. त्याला घरच्या बटणाचा इलाज नाही. जाडी थेट उगमापासून येते.

प्लाझ्माचं आयुष्य तसं थोडक्यात आटोपलं. पॅनासॉनिकनं २०१३ च्या अखेरीस त्याचं उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजीनं पुढच्या वर्षी. दुकानात आता ओएलईडी असतो. त्याचाही प्रत्येक ठिपका आपापला उजळतो, त्याचाही काळा खरोखरीचा काळा आणि त्यालाही स्थिर बोधचिन्ह फार वेळ दाखवू नये असं पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आमच्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ मोबाइल उभा धरून काढलेला. तो आडव्या पडद्यावर लावला की रुंदीचा तिसरा हिस्सासुद्धा भरत नाही. दोन्ही बाजूंना इतका काळोख, की वऱ्हाड बोगद्यातून चाललंय असं वाटतं. त्यावर मात्र घरात कुणीही चकार शब्द काढला नाही. मुलगी घरचीच होती.

आमचा प्लाझ्मा आता आतल्या खोलीत आहे, नानांच्या ताब्यात. जुना २९ इंची गेला आणि पथ्यंही गेली. सकाळी सव्वानऊला बाजार लागतो तो साडेतीनला उठतो, मधल्या वेळेत कुणी रिमोटला हात लावत नाही. व्हायचा तो डाग पडला, कायमचा. मध्यंतरी त्या चॅनेलनं आपलं बोधचिन्ह बदललं, रंग नवा, वळण नवं. आमच्याकडे कोपऱ्यात दोन्ही दिसतात, नवं ठळक आणि त्याच्या आतून डोकावणारं जुनं. मेहुणा दिवाळीला आला होता, त्यानं ते बघून डोळे मिटून घेतले. नाना म्हणाले, "जुनंच बरं होतं. बाजार तरी वर असायचा." आणि त्यांनी बटण दाबून अर्थमंत्र्यांना पुन्हा एक तृतीयांशानं रुंद केलं.